कडता जाऊन एकशे अडतीस

पायमोजे चढवायला तीन माणसं लागली. एक गहिनीनाथ, दुसरा त्याचा मुलगा नितीन आणि तिसरा स्वतः भाऊसाहेब, कारण पाय त्याचा होता आणि तो उचलून धरायचं काम त्याच्याकडे दिलं होतं.

मोजे बेल्जियमहून आले होते. पांढरे, मांडीपर्यंतचे आणि इतके घट्ट, की पोटरीवर येऊन अडकले ते वरही जाईनात आणि खालीही येईनात.

"पावडर टाक अजून," गहिनीनाथ म्हणाला.

"डबा संपला, दादा." नितीन बापाला दादाच म्हणायचा.

"मग बेसन टाक."

"बेसनाचं नाव काढू नका," भाऊसाहेब म्हणाला. "तोंडाला पानी सुटतं."

दगडाबाई दारात उभी राहून बघत होती. ती गहिनीनाथ आणि भाऊसाहेब या दोघा भावांची थोरली बहीण. सकाळच्या गाडीनं राजूरहून आली होती, उद्या भाऊ परदेशी जाणार म्हणून भेटायला. "आमच्याकडं गाईच्या पायालाबी असं बांधत न्हाईत," ती म्हणाली.

"अक्का, विमानात आठ-आठ तास पाय लोंबतात. रक्त गोठू नये म्हणून हे," नितीननं समजावलं. ती त्याची आत्या, पण सगळं घर तिला अक्काच म्हणायचं.

"मग जायचंच कशाला लोंबत?"

याचं उत्तर तीन महिने देऊन झालं होतं.

मागच्या वर्षी कांद्याचा लिलाव चालू असताना भाऊसाहेब उभ्या उभ्या झोपला होता. राहुरीच्या मार्केट यार्डातले लोक त्यावर महिनाभर हसले. नगरच्या डॉक्टरांना हसू आलं नाही. ते म्हणाले, रात्री झोपेत याचा श्वास अडकतो, काळजावर ताण येतो, वजन कमी केल्याशिवाय हा माणूस पन्नाशी बघणार नाही. भाऊसाहेबाला सत्तेचाळिसावं चालू होतं. त्याची बायको रतनबाई, तिचा भाऊ प्रशांत बेल्जियममध्ये इंजिनियर. तिकडे दुर्बिणीतून जठराला पट्टा बांधतात, हे त्यानंच कळवलं. भाऊसाहेब शेतकऱ्यांना ते असं सांगायचा: "पोत्याचं तोंड शिवतात ना, तसं. फक्त शिवत न्हाईत, आवळतात."

दवाखान्याचं तीन पानी पत्र आलं होतं. तंबाखू बंद. शेवटचे पंधरा दिवस फक्त पातळ. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायची सवय करा. सोबतीला घरचा एक माणूस आणा. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात, येण्याआधी बारा किलो उतरवा. लिव्हर मोठं असलं तर दुर्बिणीला वाट मिळत नाही. वजन उतरलं नसेल तर ऑपरेशन होणार नाही.

घरातला काटा एकशे वीसला संपत होता. नगरच्या डॉक्टरांचा एकशे तीसला. म्हणून वजन घराखालच्या त्याच्या आडतीच्या दुकानातच व्हायचं, पोती मोजायच्या काट्यावर. दर सोमवारी लिलावाआधी सहादेव तोलार भाऊसाहेबाला काट्यावर उभा करून आकडा सांगायचा आणि नितीन तो फॅक्सनं बेल्जियमला पाठवायचा. पहिल्या सोमवारी एकशे एक्कावन्न होतं. परवाच्या सोमवारी एकशे अडतीस. तेरा किलो. मागितले त्याहून एक जास्त.

सगळ्या यार्डात बोलणं होतं, भाऊ उतरले.

*

बॅगा मोजायची कल्पना नितीनची. विमानात माणशी वीस किलोच चालतात. भाऊसाहेबाबरोबर सोबतीला गहिनीनाथ जाणार होता. त्याची बॅग चार दिवस आधीच भरून तयार होती: तीन पायजमे, एक स्वेटर आणि मुक्ताचा फोटो. फोटो बघून नितीननं बॅग परत बंद केली होती. त्याची आई जाऊन चौदा महिने झाले होते.

भाऊसाहेबाच्या बॅगेत मात्र दगडाबाईचा हात फिरला होता. सहादेवनं ती काट्यावर ठेवली. सहादेव या दुकानात सव्वीस वर्षं तोलार. त्यानं काट्याकडे एकदा बघितलं आणि नेहमीच्या चालीत ओरडला, "बावीस! बारदान, कडता जाऊन वीस!"

"बसलं बरोबर," नितीन म्हणाला आणि बॅग उचलायला वाकला.

गहिनीनाथनं त्याचा हात धरला.

"सहादेव, बॅगेला कसला कडता?"

कडता म्हणजे कांद्यातली ओल, माती, सडका माल म्हणून तोलार प्रत्येक पोत्यामागं वजन कापतो तो. बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. शेतकऱ्यानं आणलं किती आणि पट्टीत, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, आलं किती, यात जो फरक पडतो तो यातूनच.

"सवय हाय, दादा," सहादेव हसला. "तोंडात बसलंय. परवा नातवाचं वजन केलं तरी म्या कडता कापला. सून भांडली."

गहिनीनाथ हसला नाही. तो सावकाश माणूस होता. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढलेली, नट ढिला असला तर आवाजावरून ओळखायचा.

"आन भाऊसाहेबाला?"

सहादेवनं काट्याची धूळ उपरण्यानं पुसायला घेतली. धूळ नव्हतीच.

"सहादेव, भाऊसाहेबाला किती कापला?"

सहादेवला त्या क्षणी काटा सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं. त्यानं सव्वीस वर्षांत मालकाच्या फायद्यासाठी शेकडो माणसांचं वजन मारलं होतं. कोणी विचारलं नव्हतं असं नाही, पण असं हळू आवाजात कोणी विचारलं नव्हतं.

"दुसऱ्या सोमवारी वजन वाढलं हुतं," तो म्हणाला. "किलोभर. भाऊंनी आठ दिवस डाळीच्या पान्यावर काढले, आन काटा म्हनतो वाढलं. त्यांचं तोंड मला बघवंना. म्हनलं, आपलाच मानूस हाय, दोन किलो कडता धरू. एकशे पन्नास सांगितलं. भाऊंनी सगळ्या हमालांना चहा पाजला."

"मग पुढच्या सोमवारी?"

"पुढच्या सोमवारी खरं कसं सांगनार? उतरलेला मानूस एकदम चढंल कसा? मग अजून थोडा कापला. मग अजून." त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. "एकदा कापलं की कापतच जावं लागतं, दादा."

"आज खरं किती हाय?"

"परवा एकशे सेहेचाळीस हुतं."

नितीन बॅगेवर बसला. तेरा फॅक्स त्यानं स्वतःच्या हातानं पाठवले होते. खाली सही करून.

*

वरच्या घरात पंधरा मिनिटांनी सगळे एकदम बोलत होते.

"जायचंच," रतनबाई म्हणाली. "तिथं गेल्यावर बघू."

"काकू बरोबर बोलतेय," नितीन म्हणाला. "तिकीट आहे, व्हिसा आहे, उद्या सकाळी जीप येणार आहे. सात हजार किलोमीटरवरून आलेल्या माणसाला कोण परत पाठवतं? भीड पडतेच की."

"आन भिडेपोटी कापला तर?" गहिनीनाथ म्हणाला. "भूल वजनावर देत्यात. पत्रात लिव्हलंय. लिव्हर मोठं असलं तर वाट मिळत न्हाई, तेबी लिव्हलंय. मग हा मानूस टेबलावर पडलेला असताना त्यांनी भीड पाळायची व्हय?"

"मी म्हनतच हुते," दगडाबाई म्हणाली. "देवानं कौल दिला. चांगलं धडधाकट पोट कापायला कसायाकडं निघाले. कळवा तिकडं, येत न्हाई म्हनून."

गहिनीनाथनं बहिणीकडे बघितलं. जमिनीच्या वाटपापासून ते दोघं एकाही गोष्टीत एका बाजूला नव्हते. आज होते, आणि दोघांनाही ते आवडलं नव्हतं.

"अक्का, येत न्हाई असं न्हाई कळवायचं. खरं वजन कळवायचं."

"एकच झालं."

"एक न्हाई झालं."

रतनबाईला हे सगळं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. तिला फक्त एक आवाज पाठ होता, गेल्या चार वर्षांचा. घोरणं थांबायचं. ती मोजायची, एक, दोन, तीन. वीसपर्यंत मोजलं की ती कोपरानं ढोसायची आणि श्वास परत सुरू व्हायचा. बेल्जियम कुठं आहे हे तिला नीट माहीत नव्हतं. तिथून आल्यावर मोजावं लागणार नाही एवढं माहीत होतं. हा माणूस एकदा ऑपरेशन न होता तिथून परत आला तर पुन्हा जाणार नाही, हेही माहीत होतं.

"पन उतरलं का न्हाई पुरतं?" तिनं अचानक विचारलं. "तीन महिने मी भोपळा उकडतेय. पाचच किलो? कुनी काय चारलं ह्यांना? खरं बोला."

नितीन छताकडे बघायला लागला.

"मी पेढे पाठवले हुते," दगडाबाई म्हणाली. "राजूरचे. एसटीच्या कंडक्टरबरोबर. दोनदाच."

"अक्का."

"चारदा. पन लहान लहान हुते."

नितीन छताकडे बघत म्हणाला, "नगरला एक्सरे काढायला गेलो की स्टँडवर भेळ. काका म्हणायचे, कुरमुऱ्यात वजन कुठं असतं."

"आन तू?" दगडाबाई रतनबाईकडे वळली. "तू काय उपाशी ठेवलास व्हय?"

रतनबाईनं पदर सारखा केला. "गुरवारी डाळीला तूप. नुसतं वरनाचं पानी कसं घालू नवऱ्याला? जनावराला घालतात तसं?" मग तिनं थोरल्या दिराकडे बोट केलं. "भावजींना विचारा की. मोठे खरं बोलायला निघालेत."

गहिनीनाथला पंगत आठवली. मुक्ताच्या वर्षश्राद्धाला पंगतीत भाऊसाहेबानं पान पालथं घातलं होतं. गहिनीनाथनं स्वतः ते सुलटं केलं. म्हणाला, वहिनीच्या नावाचं न्हाई म्हणू नये. भाऊसाहेबानं चार पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. वाटी-वाटी तूप घेऊन.

"मीबी चारलं," तो म्हणाला.

एवढा वेळ भाऊसाहेब कॉटवर बसून होता. एक मोजा मांडीपर्यंत, दुसरा पोटरीवर. त्याच्याबद्दल चाललेलं बोलणं तो दुसऱ्या कोणाच्या मालाचा लिलाव ऐकावा तसा ऐकत होता.

"मला ठाऊक हुतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक हुतं?" रतनबाईनं विचारलं.

त्यानं कॉटखालून चामडी पट्टा ओढला. परदेशी पँट लागते म्हणून शिवलेली, आणि त्या मापाचा पट्टा कुठं मिळेना म्हणून चपलेच्या दुकानदाराकडून करून घेतला होता. त्यानं एकच भोक पाडलं होतं. म्हणाला होता, उतरलात की या, पुढचं पाडून देतो.

"रोज सकाळी लावून बघतो. एक बोट सैल झाला. एकच. तेरा किलो गेले असते तर घसरून पायात पडला असता. तीस वर्षं आडत करतोय मी. पोतं नुसतं बघून वजन सांगतो. मला माझं कळनार न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाईस?" गहिनीनाथनं विचारलं.

भाऊसाहेबानं पट्टा गुंडाळला. उलगडला. परत गुंडाळला.

"समदे म्हनायचे, भाऊ उतरले. हमाल म्हनायचे, शेतकरी म्हनायचे. ऐकायला गोड लागायचं, दादा. दुसरं गोड बंदच हुतं ना."

दगडाबाईला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. रतनबाईला हसू आलं नाही.

"आन तिथं त्यांनी काट्यावर उभं केलं असतं तर?"

"म्हनलं असतं, विमानात वाढलं."

आता नितीनही हसला. गहिनीनाथ उठून खिडकीपाशी गेला. खाली केरळच्या ट्रकमध्ये पोती चढत होती. तो बोलला तेव्हा त्याची पाठ सगळ्यांकडे होती.

"मुक्ता साखरेच्या तपासनीच्या आधी दोन दिवस उपास धरायची. महिनाभर चहात तीन चमचे साखर, आन डॉक्टरकडं जायच्या आधी दोन दिवस नुसतं ताक. रिपोर्ट चांगला यायचा. डॉक्टर म्हनायचे, शाब्बास मुक्ताबाई. तिला ते लई आवडायचं. घरी येऊन सांगायची, डॉक्टर शाब्बास म्हनले. आन मी हसायचो. म्हनायचो, बघा, सरकारी डॉक्टरला फसवून आली." तो थांबला. "हसायचो मी. त्या रिपोर्टावर गोळ्या ठरायच्या तिच्या. त्या कमी पडत गेल्या. मी बघत हुतो."

नितीन बापाकडे बघत राहिला. आईचं हे त्याला माहीत होतं. बापाला माहीत होतं, हे माहीत नव्हतं.

रतनबाईनं उठून फोन गहिनीनाथच्या हातात दिला.

"लावा प्रशांतला," ती म्हणाली. "पन येत न्हाई म्हनू नका. किती दिवसांनी येऊ, ते विचारा."

*

बेल्जियममध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. प्रशांतला कडता समजावून सांगण्यात निम्मा फोन गेला. त्याला राहुरी सोडून बारा वर्षं झाली होती, तरी एकदा आठवल्यावर तो इतका हसला की रतनबाईला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यानं ते कसं सांगितलं कोण जाणे. दोन तासांनी उलटा फोन आला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं निघायच्या आधी कळवलंत. इथं वजन केल्यावर मी परतच पाठवलं असतं. सात आठवड्यांनी या. एकशे एकोणचाळीस झाल्यावर. खऱ्या काट्यावर.

नितीन तिकिटं बदलायला गेला. जाताना म्हणाला, "आता फॅक्सवर माझी सही नाही."

दगडाबाई त्याच संध्याकाळी परत निघाली. तिची पिशवी येताना होती तेवढीच जड होती, कारण रतनबाईनं पेढ्याचा पुडा शोधून परत तिच्यात घातला होता. "भावड्या," ती जिन्यात म्हणाली, "मला ते कापनं पटत न्हाई ते न्हाईच. पन तुझं एकशे एकोनचाळीस झालं तर मला कळव. खरं कळव." आणि पुढच्या पायरीवर, "पेढे तिथवर टिकनार न्हाईत. मीच खाते."

गहिनीनाथची बॅग भरलेलीच होती. ती त्यानं गाडीत ठेवायच्या ऐवजी भावाच्या घरात नेऊन ठेवली, तिथंच मुक्काम करून पहारा द्यायला. रतनबाईनं खाण्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे दिली. मुक्ताचा फोटो त्यानं स्वयंपाकघरात लावला, तुपाच्या डब्याच्या बरोबर समोर. रतनबाई म्हणाली, जाऊबाई तिथून बघत असल्या की माझा हात डब्याकडं जाईना झालाय. गहिनीनाथ म्हणाला, तिचा गेला असता.

*

सोमवारी लिलावाआधी भाऊसाहेब काट्यावर उभा राहिला. या वेळी यार्डात सगळ्यांसमोर. आजूबाजूला शेतकरी, हमाल, ट्रकवाले. गोष्ट सगळ्यांना कळलेली होती. राहुरीत ती तशीही लपत नाही.

"सहादेव, निव्वळ सांग," तो म्हणाला.

सहादेवनं वजनं लावली. त्याचे ओठ हलले, आकडा तोंडात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरे शब्दही आले. ते त्यानं गिळले. "एकशे पंचेचाळीस," तो म्हणाला. चाल लावलीच नाही. नुसता म्हणाला.

रांगेत बारागाव नांदूरचा एक शेतकरी उभा होता. पुढ्यात चाळीस पोती कांदा.

"आडतदाराचा कडता बंद झाला," तो म्हणाला. "मग आमच्या कांद्यानं काय घोडं मारलंय?"

सगळे हसले. शेजारच्या गाळ्यातले आडतदार मात्र हसता हसता थांबले. भाऊसाहेब काट्यावरच होता. उतरला नाही. एवढी माणसं त्याच्याकडे बघत असताना त्याला पहिल्यांदाच काही विकायचं नव्हतं.

"सहादेव, ह्याच्या पोत्याचं बारदान तेवढं काप. कडता न्हाई."

"आजच्यापुरतं?" शेतकऱ्यानं विचारलं.

भाऊसाहेबानं वर बघितलं. गच्चीत गहिनीनाथ डाळीच्या पाण्याचा पेला घेऊन उभा होता.

"माझं एकशे एकोनचाळीस हुईपर्यंत."

शेतकऱ्यानं बोटं मोजली. कांद्याचा हंगाम मोजला.

"मग सावकाश उतरा, भाऊ," तो म्हणाला. "अजिबात गडबड करू नका."

त्या आठवड्यात बारागाव नांदूरहून तुपाचा डबा आला. मांजरीहून खव्याच्या पोळ्या आल्या. सोनईहून एकानं गुळाची अख्खी ढेप आणली आणि म्हणाला, भाऊंची तब्येत उतरलेली बघवत नाही. गहिनीनाथ जिन्यात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं सगळं माघारी पाठवलं. ढेप घेऊन आलेल्याला भाऊसाहेब स्वतः वरून म्हणाला, "परत ने लेका. ह्यो धंदा मी तुमच्यावर तीस वर्षं केलाय. मला शिकवू नको."

पाचव्या सोमवारी वजन एकशे एक्केचाळीस भरलं. भाऊसाहेबानं घरून पट्टा आणला आणि सहादेवपुढं टाकला.

सहादेवनं पोती शिवायचा दाभण घेतला. "कुठं पाडू?"

भाऊसाहेबानं पट्टा पोटाला लावला, श्वास न ओढता, आणि जिथं आला तिथं बोट ठेवलं. सहादेवनं दाभण टेकवला. मग हात आपोआप दोन बोटं पुढं सरकला.

"सहादेव," भाऊसाहेब म्हणाला. "बोट हाय तिथंच."